तीन नंबरचा पेढा

२४ सप्टेंबर
आलो एकदाचे बडोद्याला! फतेगंजचं घर हवेशीर आहे, मोहनाला पहिलीत प्रवेश मिळाला, अनीशला रिफायनरीची बस दाराशीच. माझी नोकरी तर मजेचीच. कपाटाएवढ्या काचेच्या चेंबरांत डांगच्या जंगलाची माती घालून सागाची रोपं लावायची, आणि पन्नास वर्षांनंतरचा उकाडा त्यांना आजच द्यायचा. मातीतल्या बुरशीचे पांढरे धागे एका रोपाचं अन्न दुसऱ्याला पोचवतात. तीन नंबरात उकाडा सर्वांत जास्त. तिथलं मोठं रोप तरारलंय आणि शेजारचं धाकटं पार चिपाड झालंय. त्याच्या तोंडचा घास पळवतंय मेलं! आणि वास? ओल्या मोज्यात ताक नासल्यासारखा. आमच्या प्रमुख नलिनीताईंनी बजावलंय, आत गेलेली कुठलीही वस्तू उकळल्याशिवाय बाहेर न्यायची नाही.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. नलिनीताई रजेवर. आमचे मेकॅनिक गजेंद्रभाई यंत्रांच्या पूजेसाठी लहरीपुऱ्यातून झेंडू आणि पेढे घेऊन आले. प्रत्येक चेंबरला हळदकुंकू, आत नैवेद्य. संध्याकाळी तीन नंबरातला पेढा जरा ओलसर लागला. ताईंचा नियम आठवला, पण प्रसाद कोणी उकळतं का? अर्धा मी खाल्ला, अर्धा मोहनासाठी घरी आणला.

४ ऑक्टोबर
तोंडाला तोच नासका वास. चूळ भरताना हिरडीतून पांढरा धागा निघाला. ओढला तर लांबतच गेला. शी! मोहनाच्या जिभेवरही बुरा आलाय. अनीश म्हणतो, पाणी बदलल्यामुळे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

६ ऑक्टोबर
गोळ्यांनी काही नाही. सकाळी मोहनाचा गाल माझ्या गालाला चिकटलेला. सोडवताना बुळबुळीत धागे ताणले गेले. नंतर तिने दूध प्यायलं, आणि दुधाची ढेकर मला आली. मी भडभडून ओकले. ओकारीत दूधच.

७ ऑक्टोबर
मोहना जेवते, पोट माझं भरतं. तिच्या बरगड्या दिसू लागल्यात. माझे गाल वर आलेत, आरशात बघवत नाही. नलिनीताईंना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या की पोरीला शिवूसुद्धा नका. उद्या ड्यूटीवरून आला की अनीश तिला प्रतापनगरला आत्याकडे नेईल.

८ ऑक्टोबर
अनीश अजून आला नाही. मी खोलीला आतून कडी लावलीय. मोहना बाहेर हाका मारतेय—
भूक. घशात वळवळतंय—
उघडायचं नाही. माझं लेकरू आहे ते. उघडायचं—
कडी काढली. मीच काढली—
शहाण्यासारखी मांडीवर बसलीय. न सांगता आ केलाय तिने. रडू येतंय मला. आणि तोंडाला पाणी सुट—