एका घरात एकच अक्षर

सोम. ५ मार्च १९७३
पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर आज साहेब आले. मी ठेवतो तो हजेरीपट उघडला. माझी रीत अशी, की सकाळीच सगळ्यांच्या नावापुढच्या घरात पेन्सिलीनं 'गै' लिहायचं, म्हणजे गैरहजर. जो येईल त्याचं पुसून 'ह' करायचं. त्यात कुणी सुटत नाही. साहेब म्हणाले, "पुसता येते ती हजेरी नाही." उद्यापासून शाई. एका घरात एकच अक्षर. खाडाखोड दिसली तर अख्खं पान रद्द. लागोपाठ तीन 'गै' आले की नाव कमी, हा नियम आहेच. मुरुम गावाकडची माणसं जागेसाठी थांबलीत.

मंगळ. ६
चूक झाली. सवयीनं झाली.
पहिल्या पुकाऱ्याला जे दिसले नाहीत, त्यांच्या घरात लगेच 'गै' लिहून टाकलं. शाईनं. शेवंताबाई त्यांतल्या. नवऱ्याला उमरग्याच्या दवाखान्यात ठेवलंय, म्हणून शनिवारी आणि काल त्या खरोखरच नव्हत्या. आज ट्रकनं त्यांना हमरस्त्यावर सोडलं, तिथून चालत आल्या. दुसऱ्या पुकाऱ्याच्या आत आल्या, म्हणजे नियमानं हजर. दिवसभर माती वाहिली.
पटावर तिसरा 'गै'. त्यांना सांगितलं नाही.

बुध. ७
मुकादम गणपतरावांना सांगितलं. रागावले नाहीत. म्हणाले, "तू आधी लिहितोस अन् मग ठरवतोस. उलटं कर. आली का? तर ह. दुपारून आली का? तर अर्ध्याचा अ. न्हाईच आली? तर गै. सगळे सवाल संपेस्तोवर पेनाचं टोपण काढू नको."
आज तसंच केलं. एकेका नावाला थांबलो. बाया हसल्या. "मास्तर, पेनाची दातखीळ बसली का?"
पान स्वच्छ. पण ते आजचं. कालचं घर आहे तसंच.

गुरु. ८
नवं पान करता येत नाही, पानांवर शिक्के आहेत. शेवटी 'शेरा' म्हणून रकाना आहे, तो मोकळा असतो. तिथं लिहिता येईल. पण मग चूक कुणाची तेही लिहावं लागेल. माझ्यासारख्या सातवी नापास माणसाला हे काम दुसऱ्यांदा कोण देईल?
शेवंताबाईंना दुपारी सांगितलं. मातीची पाटी खाली ठेवली त्यांनी.
"म्या दिसभर तुझ्या डोळ्यापुढं हुते का न्हाय?"
"होता."
"मग?"
"तुम्ही यायच्या आधीच लिहिलं होतं."
"आधीच? म्या येणार न्हाय हे तुला कुणी सांगितलं, लेकरा?"
त्या पदरानं तोंड पुसून परत चढणीला लागल्या.

शुक्र. ९
लिहायच्या दगडी पाटीवर तीनदा लिहून पाहिलं. शुद्धलेखन तपासलं. 'चुक' नव्हे, 'चूक'. मग शेऱ्यात शाईनं:
'दि. ६ रोजी शेवंताबाई वेळेत हजर होत्या. गै हे अक्षर विचारण्याआधी लिहिले गेले. चूक माझी.' खाली सही.
'लिहिले गेले' नको होतं. 'मी लिहिले' हवं होतं. आता बदलता येत नाही.
गणपतराव वाचून म्हणाले, "सही तरी झोकात केलीस."

शनि. १०
साहेब पट न्यायला आले. शेरा वाचला. "हे कुणी लिहिलं?" मी म्हणालो, मीच. माझ्याकडं पाहिलं, पट मिटला, जीपमध्ये ठेवला. "सोमवारी कामावरच्या नावांची यादी पाठवतो. तुझंही तेव्हाच."

सोम. १२
नऊ वाजले. जीप नाही, यादी नाही. गणपतराव म्हणाले, "यादी येईस्तोवर नव्या पटावर नावं लिहायला लाग, काम थांबत न्हाय."
लिहायला बसलो. तिसऱ्या ओळीवर, शेवंताबाईंच्या नावापाशी अडलो. नाव कमी झालं असेल आणि मी लिहिलं, तर खोडावं लागेल, पान रद्द, सगळ्यांचीच मजुरी अडेल. कमी झालं नसेल आणि मी गाळलं, तर त्यांच्यावर दुसऱ्यांदा तेच. ओळ मोकळी सोडली, खालची नावं लिहीत गेलो.
शेवंताबाई रांगेतून पुढं येऊन उभ्या राहिल्या. वाचता येत नाही, पण मोकळी जागा दिसते.
"ही कुणाची?"
"अजून ठरलं नाही."
जरा वेळ ओळीकडं बघितलं त्यांनी. मग पाटी उचलली.
"ठरलं की हाक मार. म्या तिकडं खड्ड्यात हाय."