गालिच्यावरचा सराव

४ फेब्रुवारी
गोल्फमध्ये हरले! शेवटच्या होलला चेंडू तीन फुटांवर. कुणीही डोळे मिटून आत ढकलेल. मी ढकलला, तर होलच्या काठाला वळसा घालून निघून गेला — दारातूनच परतलेल्या पाहुण्यासारखा. जोडीदारीण म्हणाली, "होतं गं असं." होतं. पण दर वेळी माझंच होतं.
दिवसभर लोकांच्या दाढा काढते, हात हलत नाही. चेंडू ढकलायची काठी, पटर, हातात आली की हलतो.

५ फेब्रुवारी
गोल्फ नवऱ्याने शिकवला. नवरा गेला — मेला नाही, गेला, दुसऱ्या बाईकडे. खेळ तेवढा माझ्याकडे राहिला. तो तरी धड यायला हवा.

८ फेब्रुवारी
दिवाणखान्यातल्या गालिच्यावर सराव. होलच्या जागी आडवा पेला. फोन पुस्तकांना टेकवून स्वतःचंच चित्रीकरण केलं. हात दाखवून अवलक्षण! मला वाटायचं, माझा झोका लंबकासारखा आहे. बघते तर बाई माशी मारतेय. पटर ऐटीत मागे नेते, पुढे आणताना मध्येच कच खाते, मग उजवं मनगट चेंडूला टपली मारतं.
आईलाही दाखवलं. नवरा गेला त्यानंतर थोड्याच दिवसांत आई तिच्या घरी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून माझ्याकडेच, खिडकीजवळच्या खुर्चीत. बघून म्हणाली, "तू आधीच बघतेस."
"काय?"
"गेला का ते."
खरंच की. चेंडूला पटर लागायच्या आत माझी मान वर!

९ फेब्रुवारी
मान खाली ठेवली. चेंडू टीपॉयखाली.

१३ फेब्रुवारी
फिजिओथेरपीवाल्या बाई आल्या. हाड केव्हाच जुळलंय म्हणतात, भीती तेवढी जायला हवी. वॉकर पुढे केला. आई त्याच्याकडे बघायलाही तयार नाही. "नाही गं झेपत मला." पालथ्या घड्यावर पाणी.
खुर्चीतून उठवायचं मी, आंघोळीला न्यायचं मी, परत आणून बसवायचं मी. कंबर धरलीय. पटिंगला वाकलं की कळ येते. झोका बिघडण्याचं हेही एक कारण असेल. नोंद करून ठेवते.

१७ फेब्रुवारी
मनगटावर इलाज सापडला! डावा हात खाली, उजवा वर. उजव्याला टपली मारायला वावच नाही. झोका खांद्यांतून. बहुतेक सगळे आत. आई म्हणाली, "आता बरं दिसतंय. आधी केर काढल्यासारखं दिसायचं."
तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकांनी बोलावलं. चेंडूच्या टकटकीने त्यांची दुपारची झोप मोडते. खाली जाऊन माफी मागितली. ती पुरेना, म्हणून पुन्हा मागितली.

१८ फेब्रुवारी
दवाखान्यात, एक रुग्ण गेला आणि दुसरा यायचा होता, तेवढ्यात कालचं चित्रीकरण बघितलं. मी काकांकडे गेले तेव्हा फोन चालूच राहिला होता. रिकामा गालिचा. मग आई दिसली. चालत! वॉकर नाही, भिंतीचा आधार नाही. तिने पटर उचलला. डावा हात खाली. मारला. आत! मान शेवटपर्यंत वर नाही. मग चेंडू पेल्यातून काढून जागेवर ठेवला, खुर्चीत जाऊन बसली, गुडघ्यांवर शाल ओढून घेतली.
तोंडात बोटं घालणं हा माझा धंदा. आज स्वतःच्या घातली.

१९ फेब्रुवारी
सकाळी तिला धरून आंघोळीला नेलं. "हळू गं," म्हणाली. माझी कंबर मोडली, आणि वर हळू! तरी हळू नेलं.

२२ फेब्रुवारी
क्लबमध्ये सामना. जवळचे फटके सगळे आत, एकदाही मान वर नाही. तरी हरले — लांबच्या फटक्यांत. आता त्यांचं चित्रीकरण आलं.
खेळात लक्षच नव्हतं. ती असं का करतेय? तिच्या घरी एकटीने राहायची भीती वाटत असेल? की आयतं बसायची सवय लागली? आई आणि आयतं! पटत नाही.

२३ फेब्रुवारी
विचारलंच. "आई, तू चालतेस."
तिने शाल सारखी केली. "पाहिलंस वाटतं."
"मग सांगितलं का नाहीस? जा म्हणाले असते का मी?"
"तू म्हणाली नसतीस. मीच गेले असते."  मग म्हणाली, "तो गेला तेव्हा तू अंथरूण धरलं होतंस. दवाखान्याला कुलूप, जेवण नाही, फोन उचलत नव्हतीस. मी पडले, आणि तू उठलीस. मग मला उठायची कसली घाई?"