दहा माळांचा बोगदा

२ जानेवारी, गुरुवार
इथल्या मराठी मंडळाची सहल ठरली. एकोणीसला, रविवारी. बंद पडलेल्या छोट्या रेल्वे लाइनवरून पायी जायचं आणि संस्थानकाळातल्या बोगद्यातून पलीकडे निघायचं. आत मिट्ट काळोख. मंडळाचे सेक्रेटरी संभाजीराव फोनवर म्हणाले, "महिपतराव, जिगर असेल तरच नाव द्या." मी हसलो. आमचे पूर्वज पानिपतावरून परत आलेले. अंधाराचं काय सांगता!

प्रश्न सुलोचनेचा आहे. तिला अंधाराची भीती. लग्नाला चोवीस वर्षं झाली, तिच्यासाठी खोलीत झीरो बल्ब रात्रभर जळतो. तरी बिचारी डोळ्यांवर नॅपकिनची घडी ठेवून झोपते, इतकी घाबरते. मी कधी बोलून दाखवलं नाही.

विचारलं तर म्हणाली, "चला की." माझ्या भरवशावर म्हणाली असणार.

३ जानेवारी
संकल्प : (१) रोज पहाटे चालण्याचा सराव. (२) सुलोचनेला धीर देणे. (३) बोगद्यात तिचा हात न सोडणे.

५ जानेवारी, रविवार
पहाटे फार धुकं होतं, म्हणून सराव साडेनवाला. थाटीपुरातल्या आमच्या क्वार्टरच्या फाटकापासून मारुतीच्या देवळापर्यंत बरोबर एकशे आठ पावलं. म्हणजे एक माळ. एक पाऊल, एक नाम. मेरुमणी ओलांडायचा नसतो. तिथे आलं की माळ उलटी फिरवायची. मीही देवळाशी वळतो आणि दुसऱ्या माळेला फाटकाशी परत. देवाने हिशेब किती सोयीचा घालून ठेवला आहे.

संभाजीरावांना बोगद्याची लांबी विचारली. साधारण साडेसहाशे मीटर. माझ्या पावलांनी दहा माळा. अंधार अंधार म्हणतात तो एवढाच.

८ जानेवारी
सुलोचना दोन दिवस बहिणीकडे इंदूरला. बल्ब चालूच ठेवला. सवय मोडली तर तिला परत आल्यावर त्रास होईल.

१४ जानेवारी, संक्रांत
सराव उत्तम. आता डोळे मिटूनही जमतं. मेरू बोटाला लागला की पाय आपोआप वळतात, विचारसुद्धा करावा लागत नाही. गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, अभ्यास अंगात मुरला पाहिजे. मुरला.

मंडळातल्या शांताताई तिळगूळ द्यायला आल्या. वय बहात्तर, गुडघ्याला पट्टा. त्याही येणार आहेत. म्हणाल्या, "महिपतराव, मला घाबरायला झालं तर तुमचा हात पकडीन हं." मी म्हटलं, अवश्य. सुलोचना आत जाऊन बराच वेळ खोकत होती. थंडी बाधली असावी.

१७ जानेवारी, शुक्रवार
पाटणकर बाजारातून टॉर्च आणला. सुलोचनेसाठी. रात्री नीट झोप नाही. जेवणात वांगं होतं.

१८ जानेवारी
घसा किंचित खवखवतो. न जाण्याचा विचार नाही, फक्त नोंद करून ठेवतो. सुलोचनेला सुचवलं, तुला नको वाटत असेल तर मी घरी थांबतो सोबतीला. म्हणाली, "छे हो, गुळाच्या पोळ्या झाल्यासुद्धा."

१९ जानेवारी, रविवार. सकाळी १०, बोगद्याचं तोंड
आत्ता टपरीवर चहा घेत लिहितो आहे. बस वळसा घालून पलीकडच्या तोंडाशी जाणार. आतून गार वारा येतो. संभाजीरावांनी सगळ्यांचे मोबाईल बंद करवले, मजा जाते म्हणून. टॉर्च मी शांताताईंना देऊन टाकला. त्याने भिंतीवर सावल्या हलतात, उगाच.

पिछाडी मी सांभाळणार. फौजेत पिछाडीला अनुभवी माणूस लागतो. सुलोचना शांताताईंबरोबर पुढे. हात धरायचा होता, पण माझ्या हातात माळ. चहा अर्धा राहिला. निघतो.

त्याच दिवशी, १०.१०
झालं! पार!

डोळे मिटून घेतले (अंधारात उघडे ठेवून उपयोग काय?), भिंतीला एक हात आणि नाम सुरू. पहिली माळ संपली, मेरू आला, माळ फिरवली. पुढच्यांचे आवाज हळूहळू लांब गेले. भ्यायलेली माणसं भरभर चालतात. दुसरी माळ संपते तोच पापण्यांवर ऊन. दहा माळांचा बोगदा दोन माळांत संपला! नामाचा महिमा.

मंडळी अजून बाहेर आलेली नाहीत. मी त्यांना आत केव्हा गाठून पुढे निघालो, कळलंही नाही. बस मात्र आधीच पोहोचली आहे. इकडेही टपरी आहे, थेट तिकडच्यासारखी. चहावाली बाईसुद्धा तशीच.

१०.१२
ड्रायव्हर आला. "अरे बाबूजी, आप वापस कैसे आ गए?"

बाकावर माझा अर्धा चहा होता. अजून कोमट होता.

दुपारी ३, परतीच्या बसमध्ये
ड्रायव्हरने बसने पलीकडे नेलं. सगळे वडाखाली सतरंजी घालून बसलेले. संभाजीरावांनी तोंड उघडलं होतं. त्याआधीच सुलोचना उठून उभी राहिली. "आणलात का हो डबा? मीच यांना मागे पाठवलं, गुळाच्या पोळ्या बसमध्येच राहिल्या म्हणून." डबा खरोखरच माझ्या सीटखाली होता. मी आणून दिला.

शांताताई म्हणाल्या, "काय मस्त अंधार होता हो! सुलोचना तर गाणं म्हणत होती."

मी पोळी अर्धीच खाल्ली. घसा आधीपासूनच खवखवत होता.

२० जानेवारी, सोमवार. सकाळी ६
रात्री झीरो बल्ब उडाला. मी म्हटलं, थांब, घाबरू नकोस. सुलोचनेने नॅपकिनची घडी केली, दांडीवर टाकली आणि कूस वळवली. दोन मिनिटांत घोरायला लागली. मी पडून राहिलो. तेवढ्यात झोपेतच तिचा हात माझ्याकडे आला. नेहमी येतो तसा, माझ्याच बाजूला, तळवा वर. चोवीस वर्षं मी समजत होतो की तो मी धरतो.

नॅपकिन अजून दांडीवर आहे.

आज ऑफिसातून येताना नवा बल्ब आणणे. पुढे 'तिच्यासाठी' लिहिलं होतं. खोडलं.