काट्यापासून खिडकीपर्यंतची वायर

४ डिसेंबर १९९८

बोलावणं आलं! कापसाच्या जिनिंगचे मालक रामराव, त्यांनी माणूस पाठवला — श्रावण मापाऱ्याची पोरगी कॉम्प्युटर दुरुस्त करते म्हणे, तिले पाठवा. म्हणजे माझं नाव पांढरकवड्यात फिरायला लागलं. हे होणारच होतं. डिप्लोमा काय भिंतीवर टांगायला केला?

काम असं. फाटकातला वजनकाटा इलेक्ट्रॉनिक झाला, पण पद्धत जुनीच. कापसाची गाडी काट्यावर चढते, बाबा तिथले मापारी, ते आकडा पाहून मोठ्यानं सांगतात, खिडकीच्या आत मुनीम ऐकतो आणि पावती लिहितो. मुनीम चुकीचं ऐकतो आणि शेतकरी गचांडी धरतात बाबांची. मागच्या हंगामात सदऱ्याची गुंडी तुटली होती. रामरावांना आता आकडा काट्यातून थेट कॉम्प्युटरमध्ये हवा, पावती मराठीत छापून हवी. संक्रांतीच्या आत जमलं तर ऑफिसात कायमची नोकरी. नाही जमलं तर नागपूरची पार्टी येणार.

आमच्या घरातलं कुणी त्या खिडकीच्या आत कधी बसलेलं नाही. मी बसणार.

७ डिसेंबर

काल विहारात वंदनेला गेलो तर बाबांनी तिथंही चार जणांना सांगून टाकलं. मी डोळे मोठे केले, पण थांबतात कुठं! मला लाज वाटली. बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

आज ऑफिसातलं कॉम्प्युटरचं मशीन उघडलं. जुनं ३८६. आत उंदरानं सरकी आणून ठेवलेली. झाडून पुसून चालू केलं — चाललं! मुनीम म्हणाला, एवढं तं आमचा चपराशी पण करते. बघतेच आता याच्याकडे.

११ डिसेंबर

'मेमरी पुरेशी नाही.' दिवसभर पडद्यावर हीच रड.

१४ डिसेंबर

मशीनमध्ये चार एमबी मेमरी आहे, पण डॉसचे प्रोग्रॅम पहिल्या ६४० केबीतच संसार करणार. त्यात प्रिंटरचा ड्रायव्हर, माऊसचा, मराठी अक्षरांचा, सगळे आधीच मांडी ठोकून बसलेले. माझ्या प्रोग्रॅमला पाय ठेवायला जागा नाही.

पण ६४०च्या वर, एक एमबीपर्यंत, एक पट्टा असतो. तो मशीनमध्ये खोचलेल्या कार्डांसाठी राखलेला, बराचसा रिकामा. मेमरी मॅनेजर घालून सगळे ड्रायव्हर तिकडे चढवले. जागा झाली! आणि पडद्यावरच्या मराठीचा चिवडा झाला. 'वजन'च्या जागी नुसत्या रेघा आणि ठिपके.

बाबांनी जेवताना विचारलं, झालं काय माय? मी खेकसले. ते भाकर मोडत राहिले.

१५ डिसेंबर

सापडलं!! राळेगावच्या एसटीत सापडलं. मावशीकडून परत येत होते. एक बाई खिडकीजवळची जागा सोडून पाणी प्यायला उतरली, रुमाल टाकायला विसरली. परत आली तर दुसरा बसलेला, मग जे भांडण झालं ते वडकीपर्यंत पुरलं.

मराठी अक्षरांचं कार्ड त्याच वरच्या पट्ट्यात बसतं, पण सुरू होईपर्यंत गप्प असतं. मेमरी मॅनेजरला वाटलं जागा रिकामी, त्यानं तिथं दुसऱ्याला बसवलं. मीही मग रुमाल टाकला. कॉन्फिगच्या फाईलीत एक ओळ — एवढी जागा धरलेली आहे, हात लावू नको. आणि पडद्यावर लख्ख 'वजन' उमटलं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी, दीपमाला, एकटीनं काढलं!

१९ डिसेंबर

काट्याची वायर जोडली. माऊस हलवला की वजन गायब. प्रोसेसरला हाक मारायची दोघांची तार एकच निघाली, एक बोलला की दुसऱ्याचं ऐकू येत नाही. माऊस काढून टाकला. कापूस मोजायला माऊस कशाला लागतो? वर त्याची मेमरीही सुटली.

बाबा काट्यावर उभे राहिले. आत पडद्यावर आकडा आला. मी खिडकीतून ओरडून सांगितला तर एवढे हसले की पडशी खांद्यावरून घसरली. त्यांना पहिल्यांदाच कुणी आतून आकडा सांगितला असेल.

२८ डिसेंबर

फजिती. सगळी चाचणी ट्रॅक्टरवर केली होती. आकडा स्थिर झाला की पावती छापायची, असा माझा हिशोब. आज बैलगाडी चढली. बैल काय उभे राहतात! एक मान हलवतो, दुसरा पाय बदलतो, आकडा वरखाली, प्रोग्रॅम आपला वाट पाहत बसलेला. गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत. शेवटी बाबांनीच आकडे सांगायला सुरुवात केली आणि मुनीम लिहायला बसला, मिशीत हसत.

यंदा पावसानं बोंडं सडली, अळीनं खाल्ली. जे उरलंय ते घेऊन माणसं पहाटेपासून उभी असतात, आणि मी त्यांना बैलांसाठी थांबवलं. कापसाच्या जिनिंगचा प्रोग्रॅम लिहिला आणि बैल विसरले! केळापूरची आहे मी, अमेरिकेची नाही.

३ जानेवारी १९९९

काटा सेकंदाला कितीतरी आकडे पाठवतो. ते आता साठवून घेते, टोकाचे टाकते, उरलेल्यांची सरासरी काढते. बैलांनी नाचावं खुशाल.

१३ जानेवारी

झालं! संक्रांत उद्या, मी आज! सकाळपासून एकही पावती हातानं लिहिली नाही. रामराव खुर्ची ओढून मागं बसून होते, म्हणाले, नागपूरवाल्याले फोन करून नाही म्हणून सांगतो.

केळापूरच्या हंसाबाईंचा भरवसा बसेना. पावती हातात धरून बाबांकडे गेल्या, म्हणाल्या, "श्रावण, तू सांग बापा किती हाये." बाबांनी आकडा सांगितला. मी पावतीवरचा वाचला. तोच होता. मग बाबा त्यांना खिडकीशी घेऊन आले.

"हे माही पोरगी," ते म्हणाले. "आता हेच सांगन."

दिवसभर येईल त्याला आणून दाखवत होते. आज मी रागावले नाही.

१६ जानेवारी

रामरावांनी नोकरी पक्की केली. म्हणाले, मापारी आता लागत नाही. मी वाद घालायला तोंड उघडलं तर म्हणाले, "तुह्या बापाले मी आधीच सांगतलं होतं. दोन वर्स तोच मांगं लागून राह्यलता, मालक, मशीन बसवा, माह्या पोरीले बलवा. म्या म्हटलं, श्रावण, मंग तुह्यं काम जाते. तं म्हणे, मालूम हाये."

१८ जानेवारी

बाबा नेहमीसारखे धुतलेला सदरा घालून फाटकापर्यंत सोबत आले. मी खुर्चीत बसेपर्यंत बाहेर उभे होते.