दोनदाच दार वाजवायचं

प्रिय धाकट्या,

परवा दुपारी तुझ्या खोलीच्या दारावर दोनदा टकटक झाली ना, ती मी होते. तुला कळलंच असणार म्हणा, एक जिना चढताना एवढ्या धापा टाकणारी दुसरी कोण आहे आपल्यात?

त्या दारामागे तू आहेस, आपल्याच शहरात परत आला आहेस, हे मला माहीत नव्हतं, शपथ. एचआयव्हीच्या गोळ्या मध्येच सोडलेल्यांची यादी दर महिन्याला केंद्रात माझ्या टेबलावर येते. त्यात एक कागद दुसऱ्या शहरातल्या केंद्राकडून आलेला. नाव भलतंच, पत्ता तेवढा खरा, आणि आमच्याकडचा शेरा: तीन महिने गोळ्या नेलेल्या नाहीत. मी नेहमीसारखी स्कूटर पुढच्या गल्लीत लावली, ओळखपत्र पर्समध्ये कोंबलं. खालच्या छापखानेवाल्याने कोण हवंय विचारलं, तर विम्याचं काम आहे म्हणून थाप मारली. आमचा नियमच आहे तसा. दार दोनदाच वाजवायचं, हाक मारायची नाही, कुणी उघडलं नाही तर गुपचूप निघायचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना संशय यायला नको. नवीन मुलींकडून हा नियम मीच घोकून घेते.

दुसऱ्यांदा दार वाजवताना खाली लक्ष गेलं. तुझ्या चपला. डाव्या चपलेची टाच आतल्या बाजूने झिजलेली. पाय घासत चालू नकोस म्हणून आई ओरडून ओरडून दमली, पण तू कसला ऐकतोस! तेवढ्यात आत तू खोकलास आणि खोकला दाबलास. आणि मी काय केलं माहितीये? नियम पाळला. सख्ख्या भावाच्या दारातून मुकाट्याने खाली उतरले.

दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की तिकडे नोकरी लागल्यापासून स्वारी भाव खाते. आईला तुझा फोन वेळेवर यायचा, माझा मात्र तू उचलायचा नाहीस. राग माझ्यावरच होता, पण कशाचा ते समजत नव्हतं. परवा स्कूटरपाशी उभी असताना ते जेवण आठवलं. तू जाण्याच्या आठवडाभर आधीचं. मी कामावरची किटकिट सांगत होते आणि तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, ताई, आपल्या घरात कुणाला झालं तर गं? मी म्हणाले, आपल्या घरात? छे, मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तू ताट तसंच ठेवून उठलास. त्यावर मी आणखी टोमणा मारला, साहेबांना आज जेवण रुचलेलं दिसत नाही. दिवसभर लोकांना सांगायचं की यात लाज कसली, गोळ्या घ्या, नातवंडं खेळवाल, आणि घरी येऊन असं बोलायचं. जीभ झडली कशी नाही माझी!

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, टीव्हीवरच्या सुनांशी भांडण चालू असतं. तुझ्याबद्दल तिला काही बोलले नाही, बोलणारही नाही. सांगायचं की नाही आणि कधी, ते तूच ठरव. ती रोज घरातल्या तुझ्या खोलीची खिडकी उघडून ठेवते.

तुझी फाईल मी पूर्ण वाचली नाही, तो माझा हक्क नाही. पण पहिल्याच पानावर होतं की तिकडे तू दोन वर्षांत एकही गोळी चुकवली नव्हतीस. मग तू इथे राहायला आलास, तुझे कागद जवळच्या केंद्राकडे, म्हणजे माझ्याकडे आले, आणि त्याच महिन्यापासून गोळ्या बंद. म्हणजे तू गोळ्यांना कंटाळला नव्हतास. टेबलामागे मी बसलेली होते, म्हणून तू आला नाहीस.

हे पत्र आणणारी माझी सहकारी आहे. दाराखालून सरकवणार नाही, तुझ्याच हातात देईल. फाईल आता तिच्याकडे आहे. उद्या सकाळी तिच्याबरोबर केंद्रात जा, तपासणी करून घे, गोळ्या पुन्हा सुरू कर. मला माफ करू नकोस, हवं तर जन्मभर बोलू नकोस, पण उद्या जा. आज मी वरिष्ठांना सांगून शहराच्या दुसऱ्या टोकाचं केंद्र मागून घेतलं. दुपारी टेबलाचा खण रिकामा केला. तिथे आता मी नसेन, धाकट्या. तू बिनधास्त आत जा.

बोललास, न बोललास, तरी तुझीच,
ताई