पाटाचा निरोप

मु. बोरगाव, जि. अकोला
फाल्गुन, १९३८

प्रिय शकुन,

अमरावतीला तुझा मुलींचा वर्ग इतका वाढला की मल्लखांबाची दुसरी दोरी टांगावी लागली, हे वाचून बरं वाटलं. उत्तराला उशीर झाला. पालथी झाले तरच मला लिहिता येतं, आणि पालथी करायला कोणीतरी लागतं.

पाठ कशी आहे, असं तू विचारलंस. अकोल्याचे डॉक्टर आता यायचे थांबले, यातच काय ते समज. पडले कशी, हे तुला कोणी नीट सांगितलं नसेल. शाळेत गंगू नावाची पोर दोरीवर चढली होती आणि मी खाली उभी राहून आकडे म्हणत होते. आपले वामनराव मास्तर उन्हाळी वर्गात सांगायचे ना, पाठ पोटाच्या आधारानं उभी असते. आधी पोट आवळा, श्वास सोडा, मग वजन घ्या. शिकवणाऱ्याचीच पाठ आधी जाते, असंही म्हणायचे. तो बोलत बोलत करून दाखवतो, आणि तोंड चाललं की पोट सैल पडतं. मी तरी मुलींना दुसरं काय शिकवलं? पण वरून पोर सुटली तेव्हा श्वास कुठला आणि पोट कुठलं! कमरेत वळलेली होते, तशीच तिला झेललं. गंगूला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या कमरेत ऊस मोडल्यासारखं झालं, आणि त्यानंतर पाय माझे राहिले नाहीत.

यांचं काय सांगू? गावकी हसत असताना मला बैलांच्या दमणीत बसवून रोज शाळेत पोचवणारा माणूस. पहिले काही महिने स्वतः पायांना तेल चोळायचे. एकदा शेकताना तळव्याला फोड आला आणि मला कळलंच नाही. ते त्या फोडाकडे बघत राहिले. त्यानंतर त्यांनी माझ्या पायांना हात लावलेला नाही. शेतातून येतात, दारातच बसतात, कापसाचं बोलतात.

माझं सगळं सासूबाई करतात. लोक मनकर्णाबाईंना खाष्ट म्हणतात, पण मला धुतात, पुसतात, कूस बदलतात त्या त्याच. मला उचलताना त्या कण्हायला लागल्या, तेव्हा मी पडल्यापडल्या त्यांचा वर्ग घेतला. गुडघ्यात वाका, मला छातीशी घ्या, पोट आत ओढा, श्वास सोडत उचला. दोन दिवस हसल्या, मग शिकल्या. शकुन, माझी शेवटची विद्यार्थिनी सत्तरीची आहे. पण मोडत आलेलं हाड शिकवून किती दिवस तगणार? परवा मला उचलता उचलता त्या खाली बसल्या त्या उठेनात. दोघी तशाच पडून होतो. मग म्हणाल्या, "पोरी, तुले उचलून उचलून माही कंबर गेली. मी मेल्यावर तुले कोन पायीन? माह्या खुशालले बायको पायजे, तुले मानूस पायजे. मी काही वाईट नाई बोलून राहिली." त्या वाईट बोलत नव्हत्या, म्हणूनच मला रडता आलं नाही.

आता ज्यासाठी लिहितेय ते. तुझ्या वडिलांकडे, रामरावांकडे, यांच्याशी तुझा पाट लावायचा, दुसऱ्या लग्नाचा, निरोप इथूनच गेला आहे. तू विधवा, जातीतली, अंगात बळ, आणि वजन कसं उचलायचं हे शिकलेली. माझं दुखणं काढायला तुझ्याहून चांगली बाई कुठे मिळणार? तू 'हो' म्हणावंस म्हणून मी पत्र लिहावं, असं ठरलं. सासूबाई उशाशी बसून विचारताहेत, "लिवलं का?" मी मान डोलावते.

शकुन, नाही म्हण. तू आलीस तर मला सुख लागेल, आणि तुझा वर्ग बंद पडेल. मला उचलता उचलता एक दिवस तूही खाली बसशील. तू नाही म्हटलंस तर कौंडण्यपूरकडची एखादी कोवळी पोर आणतील, तेही मला ठाऊक आहे. तरी नाही म्हण.

पाकीट मी चिकटवत नाही. टपालात टाकायला हेच नेणार आहेत, आणि यांना वाचता येतं. पत्र तुझ्या हाती पडलं, तर यांनी वाचूनही टपालात टाकलं, एवढं समज.

तुझीच,
जमुना