आईची पेन्शन आणि हॅनाची फुली

शनि., ११ जाने.

ईराला शाळेसाठी समाजसेवेचे तास भरायचेत. पोरीने शोधून काढलं काय, तर अमेरिकेतले जुने सरकारी कागद वाचून टाइप करायचे. घरबसल्या, इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या वन-बेडरूममधून. आणि बाईसाहेबांना कर्सिव्ह वाचता येत नाही! "मम्मा, धिस इज नॉट इंग्लिश, इट्स नूडल्स." आमच्या शाळेत बाईंनी चार रेघी वहीत घोटून घेतलेलं इतक्या वर्षांनी कामाला आलं.

एका विधवेचा अर्ज आहे. हॅना तिचं नाव. नवरा थॉमस, इंग्रजांविरुद्ध लढलेला शिपाई. तो गेला, आता त्याची पेन्शन मिळावी म्हणून म्हातारी शपथेवर सांगते आहे. लग्नाचा कागद नाही. सही येत नाही म्हणून खाली फुली. फुलीचं एक टोक शाई फुटून पसरलंय. म्हणजे तिथे हात थांबला असणार. दोनशे वर्षांपूर्वीची बाई, आणि तिचा हात कुठे थांबला ते मला इथे दिसतंय. चहा पार गार झाला.

हॉलमधल्या दिवाणावर माझी आई, तिचंही हेच रडगाणं. बाबा पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, मागच्या श्रावणात गेले. पलटणीच्या कागदात बायकोचं नाव द्वारका, आधारवर सुमन. लग्नात सासरच्यांनी द्वारकाची सुमन केली, तांदळात अंगठीने लिहून. आता पेन्शनचं ऑफिस विचारतं, ही बाई तीच कशावरून? बुधवारी व्हिडिओ कॉलवर तपासणी.

माझा नवरा संदीप म्हणाला, "आई, दिरहॅममध्ये केलं तर आपल्या पार्किंगचे पैसे होतात. आम्ही देतो ना." आई म्हणाली, "तुमचं ते तुमचं. हे ह्यांचं आहे."

बुध., १५ जाने.

सगळं मुसळ केरात.

साहेब तरुण, हिंदी बोलणारा. मला आधीच दटावलं, "मॅडम, आप बीच में नहीं बोलेंगी." मी कॅमेऱ्याच्या मागे. आई छान बोलत होती. गाव, सासर, मुलं, बाबा कुठे कुठे होते, सगळं.

मग, "माताजी, पति का नाम बताइए।"

आईने पदर सारखा केला. पुन्हा विचारलं, तर भिंतीवरच्या फोटोकडे बोट. "वो." नाम, माताजी, नाम. तर म्हणते, "ईरा के आजोबा." साहेबाने कागदांत ईरा शोधली, बिचारा.

मी मागून हातवारे करतेय, आई माझ्याकडे बघतच नाही. कॉल संपला.

गुरु., १६ जाने.

शेरा आला. 'अर्जदार पतीचे नाव सांगू शकल्या नाहीत.' इंग्रजीत आणखी वाईट दिसतो.

देरातल्या माझ्या ऑफिसातून लंच टाइममध्ये फोन लावला. साहेबाला समजावलं, आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तो म्हणाला, "मॅडम, मैं समझता हूँ, लेकिन कस्टम को मैं फाइल में कैसे लगाऊँ?" खरंय त्याचं. एक तारीख आणखी देतो म्हणाला, पण ती शेवटची.

घरी येऊन आईला म्हटलं, एक शब्द आहे फक्त. "तुला एक शब्द असेल," म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. माझी चिडचिड. अख्खा जन्म ज्याच्याबरोबर काढला त्याचं नाव ओठावर नाही!

ईरा म्हणते, "बट शी नोज इट, राइट?"

शनि., १८ जाने.

हळदीकुंकू झालं. बिल्डिंगमधल्या आणि पलीकडच्या गल्लीतल्या बायका. तिळगूळ, वाण म्हणून ड्रॅगन मार्टमधले डबे. उखाणे जोरात. शेजारच्या कल्पनाने तर मेट्रो आणि नवरा एकाच यमकात कोंबले.

आई आधीच "मी आत बसते" म्हणून बेडरूममध्ये गेली होती. कुणी बस म्हणालं नाही, कुणी ये म्हणालं नाही. मी वाटी घेऊन आत गेले, तर पलंगाच्या कडेला बसून बाहेरचे उखाणे ऐकत होती. ओठ हलत होते. मला बघून थांबले.

रवि., १९ जाने.

ईराला हॅनाचं पुढचं पान आलं. मी मोठ्याने मराठीत करून वाचत होते, आई जवळ येऊन बसली.

हॅना इतकी थकलेली की कोर्टापर्यंत जाववत नाही. म्हणून न्यायाधीशच तिच्या घरी आलाय, तसं त्याने लिहून ठेवलंय. मग शेजारीण सांगते, मी लग्नाला होते, दोघांना एका ताटात जेवताना पाहिलंय. मग पुन्हा हॅना. माझा नवरा थॉमस अमक्या ऋतूत सैन्यात गेला, थॉमस परत आला तेव्हा पायात जोडे नव्हते, त्याच थॉमसची मी विधवा.

आई म्हणाली, "परक्या पुरुषासमोर नाव घेते?"

"शपथेवर. दर ओळीला."

"त्याला वाईट नसेल वाटलं?"

"आई, तो गेलेला होता."

"म्हणूनच विचारते."

आईने स्क्रीनवर फुलीवर बोट ठेवलं, पान सरकलं, ईरा ओरडली. मग मी इतके दिवस विचारायचं होतं ते विचारलं. बाबांनी कागदात द्वारका का लिहिलं?

"ते तेच म्हणायचे मला. कुणी नसताना."

एवढ्या वर्षांत मी त्यांना अशी हाक मारताना एकदाही ऐकलं नाही. एकाच घरात राहून!

मंगळ., २८ जाने.

आजच लिहायला हवं.

तोच साहेब. तोच प्रश्न. आईने डोक्यावरून पदर घेतला, खुर्चीत ताठ झाली. मला वाटलं पुन्हा ईराचे आजोबा येणार. आई सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाली,

"बर्फात त्यांचा पहारा, दारात माझी सांजवात,
गणपतरावांचं नाव घेते, साहेब, लिहा कागदात."

उखाणा! आणि तोही तिने, जिला हळदीकुंकवात बाहेर बसायची सोय नाही. कधी जुळवला? आत बसून, त्या दिवशी?

साहेब गोंधळला. "क्या बोला माताजी ने?" मी परवानगी मागून अर्थ सांगितला. त्याने पेन खाली ठेवलं. मग, "माताजी, एक बार और बोलिए. रिकॉर्डिंग के लिए." आईने पुन्हा घेतला. या वेळी आवाज चढा. त्याने कॅमेऱ्यासमोर हात जोडले. "ऊपर भेजता हूँ. फैसला मेरे हाथ में नहीं है."

मी रडले. आई म्हणाली, कूकर लाव.

एवढीशी बाई माझी आई. माझ्या खांद्याला लागते. आज तिच्याकडे मान वर करून बघावंसं वाटत होतं.

सोम., १० फेब्रु.

वरून काही नाही. साइटवर रोज तेच, 'विचाराधीन'. ऑफिसात आमचा इजिप्शियन मॅनेजर रोज विचारतो, "युअर मदर?" आणि स्वतःच म्हणतो, "इन्शाल्ला."

हॅनाचंही कळलं नाही. पुढची पानं दुसऱ्याच कुणाला वाचायला गेली. आई विचारते, "मिळाली का गं तिला?" मी म्हणते, बघू.

आज देराहून लवकर सुटले. किल्लीने दार उघडलं, चप्पल काढत होते, तर आतून आईचा आवाज. फोनवर असेल म्हटलं, पण तिचा फोन दारातल्या टेबलावर चार्जिंगला. डोकावले. बाल्कनीतले वाळलेले कपडे मांडीवर घेऊन घड्या घालत होती, फोटोकडे पाठ करून, रोज बसते तशी.

"गणपत," म्हणाली. राव नाही, अहो नाही, यमक नाही. "गणपत, आज इथे आभाळ आलंय."

मी चप्पल पुन्हा पायात घातली, दार हळूच ओढून घेतलं आणि खाली जाऊन उभी राहिले.